डावा तळपाय

कूलर आधी बंद करावा लागतो.
त्याच्या थरथरीनेही चित्र पुसट होतं,
इथे मोजायचं असतं केसाच्या ऐंशीव्या हिश्शात.
मे महिना. मेडिकलच्या मागच्या इमारतीतली
खिडकी नसलेली खोली.
बाहेर शेहेचाळीस.

झिबलजी पराते, वय चौसष्ट, तांडापेठ.
टेबलावर पालथे झोपलेत, डावा पाय माझ्याकडे.
टाचेच्या जरा पुढे डाग,
वाळल्या जांभळाएवढा,
एका अंगाने पसरत गेलेला,
ओल्या कापडावर शाईचं बोट टेकावं तसा.

"कापता का जी, बाई?"
नाही. आज कापणं नाही, टोचणं नाही.
फक्त उजेड.
"मंग मी कायले भेवून रायलो,"
असं म्हणतात
आणि पाय आणखीच ताठ करतात.

आधी भिंग.
तळव्याला बारीक सरी असतात, बारीक वरंबे.
रंग सरींत उतरला असेल
तर बहुधा तीळच तो, घरी जा म्हणायचं.
वरंब्यांवर चढला असेल
तर मी बोलणं थांबवते.

मी बोलणं थांबवलं.

मग जेलचा थेंब, मग यंत्राचं काचेचं तोंड,
मग लेसर, लालच्या पलीकडचा,
डोळ्यांना न दिसणारा.
एकेक पापुद्रा खाली उतरायचं
एकही पापुद्रा न उचलता.
पण उजेड अडकतो.
चाळीस वर्षं मागाच्या पावड्या दाबल्यात या पायाने,
कातडी थरावर थर अशी साठलीय
की किरण अर्ध्या वाटेतून माघारी येतात.
पडद्यावर नुसता पांढरा चोथा
आणि त्यातून गिरक्या घेत वर आलेल्या
घामाच्या वाटा.

यंत्रासोबत आलेल्या जाड पुस्तिकेत
हात आहेत, पाठी आहेत, गाल आहेत,
सगळे कुठल्याशा थंड गावचे, गोरे.
तळपाय एकही नाही.

मी कड शोधते.
डाग जिथे पायाच्या खळग्याकडे सरकलाय,
जिथवर पावडी कधी पोचलीच नाही,
तिथली कातडी अजून लेकराची.
श्वास धरा, मी म्हणते,
पायाला श्वासाशी काय देणंघेणं, तरी ते धरतात.

तिथे उजेड उतरला.

आधी पोळ्यासारखी जाळी, घरापाशी घर.
मग ते.
मोठे, लख्ख, फांद्या पसरलेले,
जिथे नसायला हवेत त्या वरच्या थरात.
बाहेरून जे काळं
ते या पडद्यावर सगळ्यात उजळ दिसतं.
पाच वर्षं झाली, सवय होत नाही.

झिबलजी मान वळवून बघतात.
मी पडदा फिरवत नाही.
"हे माह्या पायात हाय?"
हो.
बराच वेळ बघतात,
ग्राहकाने परत आणलेलं पातळ बघावं तसे.
"वीण सैल झाली इथं.
आन् हे धागे... हे या ताण्यातले नाहीत."

डॉक्टर सांगतील, मी म्हणते.
तुकडा काढावाच लागेल एक, लहानसा.
कुठून काढायचा ते आज कळलं, एवढंच.
खोटं बोलले, एवढंच नव्हतं.
पण टेक्निशियनने जास्त बोलू नये असा नियम आहे
आणि कधीकधी मला तो बरा वाटतो.

"एक इचारू? उजेड लागला त्याले,
आता वाढन तर नाही नं?"

नाही.

"मंग ठीक हाय."
खांद्यावरच्या दुपट्ट्याने स्वतःच जेल पुसतात,
पुसून तो भाग जरा निरखतात, घडी घालतात.
दाराबाहेर बायको उभी,
हातात त्यांची डावी चप्पल,
उजवी पायातच होती.

मी फाईलला नाव देते:
डावा, खळग्याची कड, खोली नव्वद.
कूलर चालू करते.
आधी नुसती गरम हवा येते.
टपावर पाणी चढायला वेळ लागतो.